गुणाबाईचं तोंड

शिकायला गेलेली पोर गावाकडे परत येईन म्हणाली, तर आधी तिच्या मागे कोण आहे ते पाहावं. आमच्या भागातून जो शिकून बाहेर पडला तो पुन्हा वळत नाही. कोणी नागपुरात राहतो, कोणी पुण्याला गेला. दिवाळीनंतर मंडईच्या नाटकाला येतात ते पाहुण्यासारखे, पिशवीत आपल्या पिण्याच्या पाण्याची बाटली घेऊन. माझी नात दीपाली नागपुरात दाताच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. खळ्यावर जेवता जेवता ती म्हणाली, मी इकडेच येणार. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"इकडे म्हणजे कुठी?" मी विचारलं.

"गडचिरोलीले. नाईतर एटापल्लीकडं. जिथी पाठवतील तिथी."

"आणि तिथी जाऊन करशील काय?"

"लोकांची तोंडं पाहीन."

"तोंडं तर मी बी पाहते दिवसभर. मले नाई लागलं त्याचं कॉलेज."

तेव्हा तिनं समजावून सांगितलं. दाताचं शिकलेला माणूस नुसता दात उपटत नाही म्हणे. दवाखाना टाकता येतो, सरकारी रुग्णालयात लागता येतं, पुढं शिकलं तर कॉलेजातच शिकवता येतं. वाकडे दात सरळ करायचं शिक्षण वेगळं, मोडलेला जबडा बसवायचं वेगळं. एक शिक्षण तर असं, की जळालेल्या नाहीतर नदीत सापडलेल्या माणसाचे दात पाहून तो कोण होता, केवढ्या वयाचा होता ते पोलिसांना सांगायचं. हे ऐकून माझी सून ललिता हिनं भाजीचं भांडं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला.

"यातलं तुले कोणतं पाह्यजे?" मी म्हटलं.

"यातलं एकबी नाई. खर्रा खाणाऱ्याचं तोंड बंद होत जाते. कॅन्सर व्हायच्या आधी ते पकडता येते. त्यासाठी गावोगाव फिरा लागते." असं म्हणून ती आपल्या बापाकडे वळली. माझा मुलगा दिनेश जेवून पन्नीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. "बाबा, तीन बोटं उभी करून तोंडात घाला."

दिनेशनं घालून पाहिली. दोन बोटं गेली, तीही ओढूनताणून.

"पाह्यलं?" दीपाली म्हणाली. "अजून दोन वर्षांनी एक बोट जाईन."

"घासापुरतं उघडते ना," दिनेश म्हणाला. "झालं तर मग."

"त्याचं बंदच बरं," मी म्हटलं. सगळे हसले, दिनेशही हसला, पण तोंड न उघडता.

हसले मीही. पण डोकं दुसरीकडेच होतं. दवाखाना टाकता येत असताना नागपूर सोडून एटापल्लीच्या रानात जायची हौस जवान पोरीला आपसूक येत नाही. आणि एटापल्ली म्हटल्याबरोबर मला आठवलं, प्रफुल तिकडेच आहे.

प्रफुल हा गुणाबाईचा नातू. वनरक्षक झाला, एटापल्लीकडे नेमणूक मिळाली, तेव्हापासून त्या बाईचे पाय जमिनीला लागत नाहीत. गुणाबाई म्हणजे आमच्या समोरची. तिच्या दारातून आमचं दार दिसतं आणि आमच्या दारातून तिचं, तरी आम्ही दोघी कित्येक वर्षांत एकमेकींशी बोललेलो नाही. तिच्या आणि माझ्या धानाच्या बांधीमधल्या धुऱ्यावर मोहाचं एक झाड आहे. त्याची फुलं वेचायची कोणी, यावरून झालं. तिनं माझ्याकडची फांदी तोडायला लावली, मी तिच्या टोपलीतली फुलं बैलाला घातली, आणि मग बोलायचं काही उरलंच नाही. काही सांगायचं असलं तर मी ललिताला सांगते, तेवढ्या मोठ्यानं सांगते की समोर ऐकू जावं. तीही तसंच करते.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, नाटक लागतं, घरोघरी पाहुणे उतरतात. नाटक हे निमित्त. खरं काम दिवसा चालतं. कोणाची पोर लग्नाची आहे, कोणाचा पोरगा नोकरीला लागला, हे चहाच्या कपाबरोबर फिरतं, आणि नाटकाला आलेला पाहुणा जाताना सोयरा होऊन जातो. माझं स्वतःचं असंच ठरलं. म्हणून या दिवसांत लग्नाची पोर कोणाच्या उंबऱ्यात किती वेळ बसते, हे घरातल्या मोठ्या बाईनं पाहायचंच असतं. त्याला कोणी चौकशीखोरपणा म्हणत असेल तर म्हणो.

दीपाली गुणाबाईच्या उंबऱ्यात बसत होती.

पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा प्रफुलही सुटीवर आलेला होता. तो ओसरीवर मोबाईल पाहत बसलेला, आणि आत दीपाली त्या म्हातारीची हनुवटी धरून तिला म्हणत होती, "हसा. आता तोंड मिटा. आता पुन्हा हसा." बोळकं तोंड, दाताचा एक खुंट नाही, आणि तरी हसत होती. माझ्या नातीला आवडावं म्हणून एवढं हसायचं? मी ललिताला विचारलं, पोर तिथं कायले जाते? ललिता म्हणाली, जात असेल सहज. माझी सून खोटं बोलताना चुलीकडे पाहते. तेव्हाही तिनं चुलीकडेच पाहिलं.

मग फोटो. गुणाबाईनं पेटी उघडून एक जुना फोटो काढला, पदरानं पुसला आणि दीपालीला दिला. दीपालीनं तो छातीशी धरून पिशवीत ठेवला. घरचा जुना फोटो कोणी कोणाला का देतं? आमच्याकडे तरी एकाच कामासाठी देतात.

तिसऱ्या गोष्टीनं तर माझी खात्रीच झाली. सकाळचं ऊन होतं. दीपालीनं गुणाबाईला अंगणात, उजेडाकडे तोंड करून बसवलं होतं. तिच्या हातात एक पट्टी, आणि पट्टीला ओळीनं लावलेले शिंपल्यासारखे चकचकणारे मणी. ती एकेक मणी म्हातारीच्या ओठाजवळ, नाकाखाली धरायची, दोन पावलं मागे सरकायची, मान वाकडी करून पाहायची. प्रफुल म्हणाला, "हा लय पांढरा होते. त्याच्या बाजूचा पाहा." गुणाबाई म्हणाली, "मले पिवळसर चालते, शोभला पाह्यजे."

नथीचे मोती. माझ्या अंगणासमोर, माझ्या नातीच्या हातून, नातसुनेच्या नथीचे मोती निवडून राह्यली होती ती बाई.

मागचंही मग सगळं जुळायला लागलं. पोळ्यानंतर गुणाबाई डोळे दाखवायला म्हणून नागपूरला गेली होती. दीपालीही त्याच बसनं परत गेली होती. डोळे दाखवून आलेल्या माणसाला चष्मा नको? हिच्या नाकावर काही दिसलं नाही. आणि दीपाली फोनवर कोणाला तरी म्हणताना मी स्वतः ऐकलं, "तारीख पक्की झाली. गुणाआजी येते म्हणाली. आमच्या आजीले नाई सांगतलं अजून."

मी त्या पोरीला हाताखाली वाढवलं. ललिता बांधीत असायची तेव्हा माझ्या मांडीवर झोपायची ती. तारीख पक्की होते आणि मला माहीत नाही.

समोरासमोर विचारायला मी मूर्ख नाही. विचारलं की पोरं हट्टाला पेटतात. दुसरा रस्ता असतो.

दुसऱ्या दिवशी बोरिंगवर गुणाबाई पाण्याचा गुंड लावून उभी होती. मी ललिताला बरोबर घेतलं होतं. आपला गुंड खाली ठेवला आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे चार घरं पलीकडे जाईल अशा आवाजात म्हटलं, "काय व ललिता, ऐकलं का? दीपाली कॉलेजात एका बुढीचा फोटो दाखवते म्हणे सगळ्याईले. बिनदाताची बुढी. पोरी हसू हसू लोळतात. म्हणतात, हे तोंड आहे का गोणपाटाची पिशवी?"

ललिता माझ्याकडे पाहतच राहिली. गुणाबाईचा गुंड भरून वाहायला लागला. तिनं तो उचलला, अर्धं पाणी सांडलं, आणि निघून गेली. मी गुंड भरला. त्या दिवशी पाणीसुद्धा मला गोड लागलं.

संध्याकाळी दीपाली समोरून परत आली ती सरळ आतल्या खोलीत. जेवायला उठली नाही. ललिता आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. शेवटी मीच गेले. पोर भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्यासमोर एका डब्यात कोणाचा तरी जबडा होता. पांढरा, चुन्याचा केलेला, वरचा आणि खालचा, बिनदाताचा. त्याच्यावर गुलाबी मेणाची घोड्याच्या नालासारखी कड.

"हे काय आहे?"

"गुणाआजी," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. रडत नव्हती, आणि तेच मला बरं वाटलं नाही. शेवटच्या परीक्षेत पूर्ण कवळी बसवायचं काम करून दाखवावं लागतं. त्यासाठी बिनदाताचा माणूस ज्याचा त्यानं आणायचा. सगळी पोरं गावाकडून आपापले म्हातारे आणतात, कोणी आजोबा, कोणी शेजारीण. गुणाबाईची हिरडी उंच आणि भरीव, कवळी धरून ठेवणारी. अशा हिरडीसाठी पोरं एकमेकांचे पेशंट पळवतात म्हणे. पोळ्यानंतर तिला नागपूरला नेऊन तोंडाचा साचा घेतला होता. आता परवा परीक्षा. आणि गुणाबाई म्हणाली, मी येत नाही.

"दुसरी कोणी पाह्य," मी म्हटलं.

"साचा तिच्या तोंडाचा आहे. दुसऱ्याच्या तोंडात कसा बसन? पेशंट नाई तर परीक्षा नाई. सगळ्या पोरी डॉक्टर होतीन आणि मी पुन्हा त्याच बाकावर बसन."

"मग ते मोती?"

"कोणते मोती?"

तिनं पिशवीतून ती पट्टी काढली. दात होते ते. पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत रंगांचे नमुने, म्हातारीच्या कातडीला शोभेल असा रंग निवडायला. आणि फोटो? तोही तिनं काढला. दात पडायच्या आधी माणसाचे दात कसे होते, लहान की मोठे, पुढं आलेले की आत, हे कळलं तर नवे तसेच लावता येतात. गुणाबाईचे बाकी सगळे फोटो तोंड मिटलेले. हा एकच हसरा.

मार्कंड्याच्या जत्रेतला फोटो होता. मागे रंगवलेला पडदा, त्यावर मोटारगाडी. पडद्यापुढे दोन जवान बायका, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर, दोघी दात दाखवून हसत होत्या. एक गुणाबाई आणि दुसरी मी. मी फोटो नीट पाहिला आणि परत दिला. माझे दात जास्त चांगले होते.

"मले काऊन नाई सांगतलं?" मी विचारलं.

"गुणाआजीच म्हणाली, सुगंधेले कळू देऊ नको. दात बसायच्या आत ती माझ्या तोंडाची गोष्ट गावभर करन." दीपालीनं डब्याचं झाकण लावलं. "आता तिले कोणीतरी सांगतलं, मी तिचा फोटो दाखवून हसवते म्हणून. कोणी सांगतलं ते ती सांगत नाई. माझ्याकडं नुसती पाहते."

ललिता दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. चुलीकडे नाही पाहिलं तिनं. आता ही कधी बोलेल, आज बोलेल की आयुष्यभर मनात ठेवून वापरेल, हा घोर मला त्या क्षणापासून लागला.

"माझं तोंड घे," मी दीपालीला म्हटलं.

तिनं खरंच टॉर्च लावून पाहिलं. तंबाखूची गुडाखू घासून काळे झालेले माझे उरलेले दात, हलणारे आणि न हलणारे. "तुझे दात आहेत अजून, आजी."

"उपट मग. शिकली ना उपटायचं."

"उपटले तरी खालचं हाड भरायले महिने लागतात." ती थोडीशी हसली. तेवढं हसणं मला पुरलं नाही.

ज्या उंबऱ्याला मी पाय लावणार नाही असं सगळ्या गावासमोर म्हटलं होतं, तो मी सकाळीच ओलांडला. प्रफुल उठून उभा राहिला, "या आजी" म्हणाला, आणि शहाण्यासारखा बाहेर निघून गेला. गुणाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"कोण व?" ती म्हणाली.

"मी."

"मी म्हणजे कोण? डोळे चांगले नाईत माझे."

"डोळेच दाखवाले गेली होती ना नागपूरले? मग काय केलं त्यायनं?"

तिनं शेंग सोलली. दाणे सुपात टाकले. "बोल."

"पोरगी जेवून नाई राह्यली."

"तिच्या कॉलेजातल्या पोरी हसतात, ती उपाशी राहते. बरोबरी झाली."

"तिनं कोणाले फोटो नाई दाखवला."

"तूच तर म्हणत होती बोरिंगवर."

"ऐकलेलं बोलली मी."

"कोणाकडून ऐकलं?"

"लोकं बोलतात."

"कोणती लोकं, सुगंधे?"

मी सुपातला एक दाणा उचलला आणि परत टाकला. तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे चांगले नाहीत म्हणणारी बाई आरपार पाहत होती. मग म्हणाली, "बरं. पोरीवर माझा राग नाई. येते मी. पण तू बी चालशील."

"मी कायले?"

"एकटीले मले नागपूरचं भेव वाटते."

या बाईनं एकदा मोहाखाली बसलेलं अस्वल जळतं लाकूड घेऊन हाकललं आहे. तिला नागपूरचं भय. मी हो म्हटलं आणि घरी येईपर्यंत विचार करत राहिले, हिच्या मनात आहे काय? इतक्या सहज कोणी हो म्हणत नाही. मी असते तर म्हटलं नसतं. आधी माझ्या ताटातलं उष्टं खायला लावलं असतं. ही काही मागत नाही, भांडत नाही, नुसतं चल म्हणते. म्हणजे जे करायचं ते तिथं करणार, कॉलेजात, चार शिकलेल्या माणसांसमोर. खुर्चीत बसेल, परीक्षेची वेळ होईल, आणि म्हणेल मी तोंड उघडत नाही. आणि काऊन उघडत नाही तेही सांगेल. दीपालीचं वर्ष जाईल आणि ते कोणी घालवलं हेही तिला कळेल.

चामोर्शीहून बसमध्ये तिनं मला खिडकीजवळची जागा दिली. ही खूणही मला चांगली वाटली नाही. वाटेत तिनं शिदोरी सोडली, मऊ भात आणि वरण, माझ्यापुढे धरली. मी आधी तिला खाऊ दिलं. ती खाताना गाल आत जायचे, भात हिरड्यांवर घोळवायची. समोरच्या सीटवरून दीपाली दर थोड्या वेळानं मागे वळून पाहायची, आम्ही दोघी जिवंत आहोत ना म्हणून.

"दात बसले की काय खाशील?" मी विचारलं. बोलायचं म्हणून.

"पाहू," ती म्हणाली. "आधी बसू तर दे." आणि बाहेर पाहायला लागली.

ऐकलं ना? आधी बसू तर दे. मी रस्ताभर तेच चघळत राहिले.

कॉलेज म्हणजे मोठा हॉल, ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक म्हातारा नाहीतर म्हातारी, बिनदाताची. प्रत्येकाजवळ पांढऱ्या कोटातलं एक पोर, घामेजलेलं. कोणी आपल्या म्हाताऱ्याला पाणी पाजत होतं, कोणी त्याच्या पायातल्या चपला जुळवत होतं. लग्नात नवरदेवाचं करतात तसं. एक पोरगा तर आपल्या पेशंटचा हातच सोडत नव्हता, आपला म्हातारा कोणी पळवला तर म्हणून. माझ्यासारख्या सोबतीच्या बायका भिंतीला लागून उभ्या होत्या. मला गुणाबाईनं खुर्चीजवळ बोलावून घेतलं. म्हणाली, माझी पिशवी धर. पिशवीत काही नव्हतं.

दीपालीचे हात मी पहिल्यांदाच असे पाहिले. घरी ताट उचलताना आपटणारे हात, इथं आवाज नाही. तिनं गरम पाण्यात मेण मऊ केलं, ती गुलाबी नालासारखी कड वर आणि खाली तोंडात बसवली, गुणाबाईची हनुवटी दोन बोटांनी धरली, तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. गुणाबाईनं तोंड मिटलं.

तेवढ्यात परीक्षक आले. बाहेरगावचे होते, पांढरे केस, चष्मा कपाळावर. त्यांनी दीपालीला विचारलं, हे कशासाठी, ते किती ठेवलं, तिनं एकेक सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "पास झाल्यावर काय करायचं ठरवलंय?"

"गडचिरोली जिल्ह्यात काम करायचंय सर. तिकडं खर्र्यानं तोंडं बंद होतात. आधी माझ्या बाबांचंच होऊन राह्यलं."

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मीही पाहिलं. मला त्यात प्रफुल कुठे दिसला नाही. पण मी अजून पाहणार आहे.

मग सर गुणाबाईकडे वळले. "काय आजी, कुठून आलात?"

गुणाबाई गप्प.

"नाव काय तुमचं?"

ओठ घट्ट मिटलेले. मान हलवली नाही, हात हलवला नाही. आणि डोळे सरांवर नाहीत, माझ्यावर. सरळ माझ्यावर.

मला जे दिसत होतं तेच झालं होतं. ती आता बोलणार नव्हती. दीपाली "सर" असं काहीतरी म्हणायला लागली, पण मी तिला पुढं बोलू दिलं नाही. एकदा पोरीच्या तोंडून सफाई निघाली की मग माझं कोण ऐकणार होतं?

"साहेब, तिचा काही दोष नाई," मी म्हटलं. आवाज माझा नेहमीचाच निघाला, सगळ्या हॉलनं ऐकला. "पोरीचा बी नाई. मीच बोलली होती बोरिंगवर. पोरीनं कोणाले फोटो दाखवला नाई, कोणी हसलं नाई. गोणपाटाची पिशवी मी म्हटलं. लोकांनी नाई म्हटलं, मीच म्हटलं. मले वाटलं पोरगी तिच्या नातवाशी लगन करून राह्यली आणि मले सांगत नाई. आता हिनं तोंड उघडलं नाई तर पोरीचं वर्ष जाते. माझ्या तोंडासाठी तिचं वर्ष कायले जावं?"

ओळीतले सगळे म्हातारे आमच्याकडे पाहायला लागले. सरांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला.

"बाई," ते म्हणाले, "त्यांना तोंड बंद ठेवायलाच सांगितलंय. आत मेण आहे. ते गार होईपर्यंत बोललं की जबड्याचं माप हलतं. मी आपला सवयीनं विचारून बसलो. पेशंट फार शहाणा आहे, हलला नाही."

गुणाबाई तशीच बसली होती, ओठ मिटलेले. पण तिचं पोट हलत होतं.

दीपालीची बोटं तिच्या हनुवटीवर होती, तिथंच राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिचे कान मात्र लाल झाले होते. लहानपणी मी रागावले की व्हायचे तसे. फक्त आता रागावलेली मी नव्हते. थोड्या वेळानं तिनं मेण हळूच बाहेर काढलं, सरांच्या हातात दिलं. सरांनी ते उजेडाकडे धरलं, फिरवलं, आणि म्हणाले, "बरोबर आलंय. दात लाव." निकाल लागायला पुढं बरेच दिवस लागले, ती पास झाली, पण मला ते तेव्हाच कळलं. ज्या माणसाला खोड काढायची असते तो वस्तू इतका वेळ उजेडात धरत नाही. मी भाजीवाल्यांना ओळखते.

सर पुढच्या खुर्चीकडे गेले. गुणाबाईनं चूळ भरली, तोंड पुसलं, आरामात. मग म्हणाली, "सुगंधे, कान दुखून राह्यला माझा बसच्या हवेनं. काय म्हणत होती तू? पुन्हा सांग."

मी दीपालीकडे पाहिलं. राहू द्या आता गुणाआजी, असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. ती छोट्याशा ज्योतीवर हत्यार तापवून मेणात पहिला दात बसवत होती. मान वर न करता म्हणाली, "सांग आजी. मले बी पुरतं ऐकू नाई आलं."

माझीच पोर आहे ती, दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही.

मी सांगितलं. हळू आवाजात, एकेक शब्द, ललिताला काय म्हटलं, किती मोठ्यानं म्हटलं, ते सगळं. पिशवीपर्यंत आले तेव्हा गुणाबाईनं हात वर केला.

"पिशवी म्हटलं होतं?"

"पिशवी."

"मी तर धानाचा बोरा ऐकला."

"बोरा नाई म्हटलं. पिशवीच म्हटलं."

तिनं थोडा विचार केला. "मग ठीक आहे," ती म्हणाली, खुर्चीत मागे टेकली आणि दीपालीकडे पाहून तोंड उघडलं, एवढं मोठं, की बोटं घालून मोजायची गरज कोणालाच वाटली नसती.